बाभळीची बाज, सुती दोरी आणि ‘ऐदी’ हा शब्द

मे महिन्यात मी एक बाज करून घेतली. बाभळीचे कातीव खूर म्हणजे पाय, सागाच्या गाती म्हणजे चौकटीच्या दांड्या, सुती दोरीची वीण. लांबी सहा फूट, रुंदी सव्वातीन फूट, उंची वीस इंच. लाकूड आणि सुतारकाम मिळून ४२०० रुपये, साडेचार किलो दोरी ९९० रुपयांची, विणायची मजुरी ९०० आणि टेम्पोचे ३००. एकूण ६३९० रुपये. आठ महिने रोज वापरली, म्हणून आता लिहिते आहे. घ्यावी का, असं विचारणाऱ्यांना आधीच सांगते: जरूर घ्या. फक्त उंची स्वतः बसून ठरवा आणि विणताना समोर थांबा.

एवढ्यावर हे संपलं असतं. पण आमच्या मराठवाड्यात दिवसाउजेडी बाजेवर आडवी होणारी बाई एका शब्दाची धनी होते, आणि तो शब्द मी साठ वर्षं ऐकत आले. तो शब्द म्हणजे ‘ऐदी’. बाजेबद्दल लिहायचं आणि त्याच्याबद्दल लिहायचं नाही, हे मला जमणार नाही.

जानेवारीत माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत उभं राहून शिकवलं, त्यातली सोळा वर्षं रोज चार किलोमीटर चालत जाऊन. डॉक्टरांनी सांगितलं, दुपारी दोन तास पाय वर घेऊन पडायचंच. घरात पलंग आहे, पण तो आतल्या खोलीत. परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४४ अंशांवर जातो आणि नेमकी दुपारीच लाईट जाते. त्या खोलीत कोण पडणार? अंगणात कडुनिंब आहे, त्याच्या सावलीत बाज टाकावी असं ठरलं.

पहिल्यांदा चूक केली. शहरातल्या एका दुकानातून लोखंडी पाइपाची, नायलॉनच्या पट्ट्यांची खाट आणली. २८०० रुपये. दिसायला झकपक, उचलायला हलकी. पण दोन महिन्यांत मध्यभागी झोळी झाली. गुडघा वर आणि कंबर खाली अशी अवस्था, त्यामुळे बरा होत आलेला पाय पुन्हा ठणकायला लागला. पट्ट्यांच्या कडा पाइपावर घासून विरल्या. दुपारी नायलॉन तापायचं आणि पाठीला चटका बसायचा. दुकानात गेले तर म्हणाले, गॅरंटी पाइपाची असते, पट्टीची नसते. पाइपावर कोण झोपतं? ती खाट आता गच्चीवर कुरड्या-पापड वाळवायला आहे, आणि त्या कामाला ती चांगली आहे.

मग माहेरच्या गावी फोन केला. आमचे जुने सुतार आता नाहीत, त्यांचा मुलगा तालुक्याला काम करतो. त्याने बाभळीचे वाळलेले खूर काढून दाखवले. बाभूळ जड असते, पण नीट वाळलेली असली तर तिच्या गाभ्याला सहसा कीड लागत नाही. खुराला दोन्ही बाजूंनी भोक पाडून गात आत बसवलेली आणि वरून पाचर ठोकलेली. अख्ख्या बाजेत एक खिळा नाही. मी हात फिरवून पाहिला, कुठेही कूस टोचत नाही. लाकडाच्या कामाला दहापैकी दहा.

वीण मात्र त्याला येत नाही. ती करणारे आबा शेजारच्या वाडीचे, सत्तरीच्या पुढचे. आमच्याकडे पूर्वी बाज अंबाडीच्या किंवा केकताडाच्या दोरीने विणायचे. केकताड म्हणजे घायपात, ते बांधावर असायचंच. त्याची पानं पाण्यात कुजवायची, बडवून वाख काढायचा, तो वाळवून दोरी वळायची. गावोगावी हे दोरखंडांचं काम पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजातल्या माणसांनी केलं. नाडे, कासरे, मोटेचे सोल आणि सगळ्या गावाच्या बाजा त्यांच्याच हातच्या. आबा त्याच हातांचे. आता वाख काढायला कोणाला वेळ नाही, म्हणून बाजारची सुती दोरी. आबांनी ती हातात घेऊन दोन्ही मुठींनी ताणून पाहिली, नाकाला लावली, आणि “चालती” म्हणाले.

अंगणातच विणली. सकाळी आठला बसले, मध्ये जेवले, तिसऱ्या प्रहरी उठले. मी समोर खुर्ची टाकून बघत बसले. आधी पायथ्याकडे वीतभर जागा सोडून एक जाड दोर आडवा बांधला. मग उशाच्या एका कोपऱ्यातून सुरुवात. दोन दोऱ्या वर, दोन खाली, पुन्हा दोन वर. प्रत्येक फेरीला पायाचा अंगठा गातीवर रोवून दोरी ओढायचे, आणि तर्जनीने ताणलेल्या दोरीवर टिचकी मारायचे. ढिल्या दोरीचा आवाज भद्द येतो, ताणलेलीचा टण्ण. भद्द आला की ती फेरी उसवायची. चारदा उसवली. म्हणाले, “बाई, आत्ता लाज वाटून सोडून दिलं तर महिन्यात झोळी व्हती. मंग तुमी मला नावं ठेवताल.” शेवटी पायथ्याच्या वीतभर जागेत जाड दोर नागमोडी ओवला आणि करकचून आवळला. बाज ढिली झाली की तेवढाच दोर ओढायचा, सगळी वीण ताणून बसते. ही युक्ती त्या लोखंडी खाटेत नाही आणि म्हणून तिची झोळी कायमची.

दुपारी जेवण झाल्यावर आबांना म्हटलं, थोडं पडा. बाज अर्धी विणलेली, पण दुसरी जुनी सतरंजी होती. ते पडले नाहीत. भिंतीला टेकून बसले, डोळे मिटले, पाच मिनिटांत उठले. आयुष्यात किती बाजा विणल्या असतील, विचारलं. मोजल्या नाहीत म्हणाले. घरी तुमची स्वतःची बाज आहे का? “हाय की. म्हातारी आजारी आसती, तिच्याकडं हाय.”

आता तो शब्द.

लहानपणी आमच्या घरात शिव्या नव्हत्या. वडील माळकरी होते. त्यामुळे आईच्या तोंडी सगळ्यात जहरी शब्द ‘ऐदी’ हाच. “ऐद्यावानी काहून पडलीस गं? ऊठ, घागर घे.” तापाने फणफणलेली असले तरी आधी हा शब्द, मग कपाळावर हात. शेजारची एखादी सून दुपारी दार लावून झोपली की विहिरीवर चर्चा: ऐदी आहे, माहेरात लाडावलेली. या शब्दाला वेगळं स्त्रीलिंगी रूप लागत नाही. बाप्या ऐदी, बाई ऐदी, लेकरू ऐदी. बैलसुद्धा ऐदी, जू दिसलं की बसकण मारणारा. ऐद्याला लाडाने ‘ऐदोबा’ म्हणतात, पण तो लाड पोरांच्या वाट्याला यायचा. पोरीला ‘ऐदोबा’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

मराठीत काम न करणाऱ्यासाठी शब्द पुष्कळ आहेत आणि आमच्या बायकांना त्यांतला फरक बरोब्बर कळतो. आळशी म्हणजे ज्याला काम करायचं असतं पण तो उद्यावर ढकलतो. कामचुकार कामाच्या जागी असतो, पण नेमक्या वेळी पाणी प्यायला जातो. रिकामटेकडा दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन टेकतो आणि नसत्या चौकशा करतो. उंडगा गावभर फिरतो. ऐदी हा या सगळ्यांहून वेगळा. तो हलतच नाही. बसल्या जागी ताट येण्याची वाट बघतो, आणि येणार याची त्याला खात्री असते. म्हणून ‘ऐदी’मध्ये नुसता आळस नाही, फुकटचं खाण्याचा आरोप आहे. दुसऱ्याच्या कष्टावर जगतोस, असं त्यात म्हटलेलं असतं. बाईला हा शब्द लागतो तो त्याच जागी.

शब्द कुठला, हे मला शाळेत कळलं. आमच्या शाळेच्या भिंतीला लागून उर्दू शाळा होती. तिथल्या एक शिक्षिका मधल्या सुट्टीत आमच्याकडे डबा खायला यायच्या. आम्ही त्यांना आपा म्हणायचो. एकदा कोणीतरी कोणाला तरी ऐदी म्हणालं आणि आपा म्हणाल्या, “हा तर आमचा अहदी. बाई, तुम्ही ह्याला एवढं वाईट का बोलता? हा बादशहाचा शिपाई होता.”

अरबीत ‘अहद’ म्हणजे एक. त्यावरून अहदी, म्हणजे एकटा, एकेकटा भरती झालेला. अकबराच्या फौजेत बहुतेक स्वार कुठल्या ना कुठल्या मनसबदाराच्या हाताखाली असत. मनसबदार आपापली माणसं घेऊन यायचा. अहदी तसा नव्हता. तो कोणाच्या तुकडीत नसे, थेट बादशहाच्या पदरी असे. अबुल फजलने अकबराच्या कारभाराची जी तपशीलवार नोंद लिहिली, तीत अहदींचा वेगळा उल्लेख आहे. त्यांच्यासाठी स्वतंत्र दिवाण, पगार वाटणारा स्वतंत्र बक्षी, आणि त्यांचा प्रमुख एखादा मोठा सरदार. पगार साध्या स्वारापेक्षा किती तरी जास्त, काहींना तर महिन्याला ५०० रुपयांहूनही अधिक. चांगल्या घरची, भरवशाची माणसं ही. बादशहाचा हुकूम पोचवायचा, पहारा द्यायचा, नाजूक कामगिरीवर जायचं, ही त्यांची कामं.

मग ऐदी आळशी कसा झाला? काम रोजचं नव्हतं म्हणून. बादशहाचं बोलावणं येईपर्यंत अहदीने तयार राहायचं. बोलावणं आलं नाही तर दिवस रिकामा, पगार चालू. शेजारच्या साध्या शिपायाला, बाजारातल्या तेल्या-तांबोळ्याला काय दिसत असेल? एक धट्टाकट्टा माणूस, दारात घोडा, हातात हुक्का, आणि काम काही नाही. त्यात आणखी एक गोष्ट. सारा थकवणाऱ्या जमीनदाराकडे वसुलीला अहदी पाठवत. तो जाऊन दारात ठाण मांडायचा आणि पैसे हातात पडेपर्यंत उठायचा नाही. तोवर त्याची बडदास्त त्या घराने ठेवायची. ज्यांच्या चुलीवर त्याच्या भाकऱ्या थापल्या गेल्या, त्या बायकांनी त्याला काय म्हटलं असेल? हिंदीतही ‘अहदी’चा अर्थ आळशीच झाला. राजाने दिलेलं नाव होतं ‘एकटा’, आणि स्वयंपाकघराने त्याचा अर्थ लावला ‘बसून खाणारा’.

‘अहदी’चा ‘ऐदी’ होणं तर आमच्या कानाला अगदी घरचं. पहिला म्हणजे आमच्याकडे पैला, बहीण म्हणजे बैन, पहिलवान म्हणजे पैलवान. मधला ‘ह’ आम्ही गिळतो आणि आधीचा स्वर पसरतो. मुलांना शुद्धलेखन शिकवताना मी हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं, पण त्याच वाटेने अहदी आमच्या घरात आला हे लक्षात आलं नव्हतं.

आणि आमच्या मुलखात तो रुजला नसता तरच नवल. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तिचंच पुढे औरंगाबाद झालं. शहजादा असताना औरंगजेब दोनदा तिथे दख्खनचा सुभेदार होता. १६८२ मध्ये बादशहा म्हणून तो स्वतः फौज घेऊन आला आणि पंचवीस वर्षं दख्खनेतच राहिला. १७०७ मध्ये तो अहमदनगरजवळ वारला, कबर खुलताबादला. त्यानंतर निजाम. १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला हलली तरी आमचा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडेच. माझ्या आईचा जन्म त्या राजवटीतला. फुरसत, सुस्त, बेकार, आराम हे शब्द आम्ही परके म्हणून कधी ऐकलेच नाहीत. काम आणि काम नसणं, या दोन्हींच्या शब्दांवर इथे छावणीची आणि कचेरीची छाप आहे.

आपांनी सांगितलेल्यातलं एक मात्र मला फार लागलं. ‘एकटा स्वार’ या अर्थाचा मराठीचा स्वतःचा शब्द आहे, एकांडा. एकांडा शिलेदार. स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार, कोणाच्या पथकात नाही. आजही कोणी एकट्याने मोठं काम उभं केलं की आपण कौतुकाने त्याला एकांडा शिलेदार म्हणतो. म्हणजे एकाच प्रकारच्या माणसाला दोन शब्द, एक सत्काराच्या शालीबरोबरचा आणि एक उठता-बसता हिणवायचा. माणूस तोच. तो लढताना दिसला त्यांनी एकांडा म्हटलं, आणि लढाया नसलेल्या दिवसांत दिसला त्यांनी ऐदी.

हे समजल्यावरही मी तो शब्द वापरत राहिले. चौथीच्या वर्गातला एक मुलगा रोज दुसऱ्या तासाला डोकं बाकावर ठेवून झोपायचा. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “ऊठ रे ऐदी.” पोरं हसली, तो उठला, तोंड धुऊन आला. पुढे चार-पाच दिवस वर्गात त्याचं तेच नाव झालं. मग त्याची आई शाळेत आली. शेतीच्या पंपाला त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती. वडिलांचा पाय मोडलेला, म्हणून पोरगा चुलत्याबरोबर रात्री एक ते पाच गव्हाला पाणी द्यायचा. दारं मोडायची, बारे धरायचे, अंधारात, नऊ वर्षांच्या लेकराने. आणि सकाळी शाळा चुकवायची नाही म्हणून यायचा. त्या बाईने मला एक शब्दही वावगा बोलला नाही. “झोपला तर झोपू द्या बाई, ऐकतंय ते झोपंत बी,” एवढंच म्हणाली. मी त्या मुलाची वर्गात माफी मागितली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत वर्गात ‘ऐदी’ म्हटलं नाही.

पण घरात, माझ्या स्वतःच्या डोक्यात, तो शब्द तसाच होता. हे मला बाजेने दाखवलं. पहिल्या दिवशी दुपारी बाजेवर पडले आणि फाटक वाजलं. मी गुडघ्याची पर्वा न करता ताडकन उठून बसले, केस सारखे केले, पदर घेतला. कुरिअरवाला होता. त्याने पाकीट दिलं आणि गेला. ऑपरेशन झालेली बाई झाडाखाली पडली आहे, त्यात लपवायचं काय होतं? पण आमच्यात बाईने बाजेवर पडायचे प्रसंग ठरलेले आहेत. आजारात, किंवा बाळंतपणात. ‘ती बाजेवर आहे’ म्हटलं की बाळंतीण आहे हे सगळ्यांना कळतं. खाली शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशोपा, तो धूर दोरीच्या विणीतून वर पाठीला लागायचा. सव्वा महिना. आईची चार बाळंतपणं, हिशेबाने पाच महिने व्हायला हवेत. झाले नाहीत. माझ्या वेळेला ज्वारीची सुगी होती, ती बाराव्या दिवशी उठून चुलीशी बसली, कारण काढणीला आलेल्या माणसांच्या भाकरी कोण करणार? एरवी बाज वडिलांची. ते त्यावर बसून पोथी वाचायचे, पाहुण्यांना बसवायचे, जेवण झाल्यावर डावा हात उशाला घेऊन पडायचे. त्यांना कोणी ऐदी म्हटलं नाही, आणि म्हणायचं कारणही नव्हतं, पहाटे चारला उठून ते औत धरायचे. पण आई त्यांच्या आधी उठायची.

म्हणसुद्धा बाजेलाच धरून आहे. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी.’ म्हणजे मराठीने आळसाची बैठक ठरवून टाकली, ती खाट. आमच्या जालना जिल्ह्यातल्या जांबला जन्मलेल्या समर्थांनी आळसावर कडक शब्दांत लिहिलं आणि त्याच्या समोर ‘साक्षेप’ हा शब्द उभा केला, नेटाने, लक्ष घालून केलेले प्रयत्न. माझ्या वडिलांना तो शब्द फार आवडायचा. पण आईने जन्मभर जे केलं त्याला साक्षेप म्हणावं असं त्यांच्या मनात कधी आलं नसेल. तिच्या कामाला नाव नव्हतं. काम थांबलं तरच नाव होतं, ऐदी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदमळणी असते. बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी लावून चोळतात, दुसऱ्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, पुरणपोळी खाऊ घालतात. जमीन दमली तर एखादं वर्ष पडीक ठेवतात, आणि पडीक रानाला कोणी नावं ठेवत नाही. ती पुरणपोळी लाटणाऱ्या बाईचे खांदे कोणी चोळले का, एवढंच मला विचारायचं आहे.

बाजेकडे परत येते, कारण वापराच्या गोष्टी सांगायच्या राहिल्यात. उन्हाळ्यात हिच्यासारखं सुख नाही. वारा खालून विणीतून येतो, पाठ घामेजत नाही, गादीची गरज नाही, एक गोधडी पुरे. रात्री अंगणात डासांमुळे मच्छरदाणी लागते. ती बांधायला खुरांना काठ्या लावायची सोय आधीच सांगून करून घ्या, मी केली नाही आणि आता झाडाला दोऱ्या बांधते. वीण अंगाला काचत नाही, पण उघड्या दंडावर चौकड्या उमटतात आणि अर्ध्या तासाने जातात. कंबरेला आधार छान मिळतो. फिजिओथेरपीच्या मुलीने बघून होकार दिला, फक्त पायाखाली उशी ठेवायला सांगितली.

पावसाळ्यात सांभाळावी लागते. श्रावणात एकदा सर आली तेव्हा मी बाहेर गेले होते. भिजल्यावर दोरी इतकी आवळली की गाती करकरायला लागल्या, आणि वाळल्यावर सगळी वीण ढिली. पायथ्याचा दोर ओढून पुन्हा ताणावी लागली. ते काम एकटीला होत नाही, दोन माणसं लागतात. एक खूर किंचित आखूड आहे, फरशीवर ठेवली की डुगडुगते, मातीत ठेवली तर कळत नाही. सुताराला सांगितलं, तो येऊन रबर लावून गेला, पैसे घेतले नाहीत. वजन भरपूर, गुडघेदुखीवाल्यांनी स्वतः हलवू नये. ढेकणांची भीती सगळे घालतात. आठ महिन्यांत एकही दिसला नाही, पण मी पंधरवड्याला कडक उन्हात उभी करते आणि सांध्यांत उकळतं पाणी ओतते, आई करायची तसं.

सगळ्यात मोठा दोष उंचीचा. वीस इंच मला बरोबर आहे, गुडघा फार न वाकवता बसता-उठता येतं. पण बुटक्या माणसाला ती उंच पडते. हे दिवाळीत कळलं.

दिवाळीत आई आली. त्र्याऐंशी वर्षांची आहे, अजून स्वतःची भाकरी स्वतः थापते. आल्या आल्या बाजेची वीण बोटांनी चाचपली, खालून वाकून पाचर पाहिली, “कोन्या हातची हाय?” विचारलं. आबांचं नाव सांगितल्यावर मान हलवली. चार दिवस ती बाजेच्या शेजारी खाली बसून तांदूळ निवडत होती, लसूण सोलत होती. वर बस म्हटलं की “तू पड, मला काय झालंय?” पाचव्या दिवशी दुपारी मी मुद्दाम आत जाऊन पडले आणि खिडकीतून बघत राहिले. तिने सूप बाजूला ठेवलं. इकडे-तिकडे पाहिलं. मग बाजेच्या कडेला बसली. पाय जमिनीला टेकेनात, लोंबकळत राहिले. थोडा वेळ तशीच बसली, हाताने दोरी दाबत. मग कुशीवर वळली, पदर तोंडावर घेतला, गुडघे पोटाशी घेतले आणि झोपली. तास-सव्वा तास. कडुनिंबाची पिवळी पानं तिच्या लुगड्यावर पडत होती. फाटक वाजलं तर मी लंगडत जाऊन आधी पोचले आणि पेपरवाल्या पोराला हळू बोल म्हटलं.

उठली तेव्हा तिच्या गालावर विणीची चौकड होती. मी चहा दिला. तिने कपातला अर्धा संपवला आणि म्हणाली, “उशाकडं दोरी ढिली हाय. आन् उंच केलीस बाई. उतराया भ्या वाटतं.”

म्हणून दुसरी सांगितली आहे. लाकूड तेच, सुतार तोच, वीण आबांची. रुंदी तीन फूट, उंची चौदा इंच, मच्छरदाणीच्या काठ्यांसकट. आबांनी मजुरी शंभराने वाढवून सांगितली, मी घासाघीस केली नाही. संक्रांतीच्या आत गावी पोचती करतो म्हणाले. मोजमाप घ्यायला आईला स्टुलावर बसवून, टाच जमिनीला पूर्ण टेकते का ते दोनदा पाहिलं आहे.